दादीचा आवाज आणि ५५ मिनिटांची डीव्हीडी

घरातला कॉम्प्युटर सावकाश चालायला लागला की सगळे एकच कारण सांगतात, "जुना झालाय." म्हाताऱ्या माणसाला दवाखान्यात नेलं की निम्म्या तक्रारी "वयोमानाप्रमाणे" या एका शब्दात गुंडाळल्या जातात, तसंच हे. मला हे उत्तर कधी पटलं नाही. वय झालं म्हणजे नेमकं काय झालं? वायर दुमडली, पिनांवर गंज चढला, पंख्यात धूळ बसली, की आणखी काही? ते कळल्याशिवाय इलाज कसा करायचा? २०१० सालच्या बकरी ईदच्या आधी मला हा प्रश्न अगदी हट्टानं विचारावा लागला, कारण त्या वेळी माझ्याकडे थांबायला वेळ नव्हता.

आमच्या मिरजेच्या घरात २००३ साली जोडून घेतलेला एक कॉम्प्युटर आहे. पेंटियम ४, नंतर वाढवून ५१२ एमबी केलेली रॅम, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. २००६ मध्ये त्यात डीव्हीडी रायटर बसवला. मुलं त्याला 'डबा' म्हणतात. पण या डब्यात त्या वर्षी एक अशी गोष्ट होती, जी जगात दुसरीकडे कुठेही नव्हती. माझ्या दादीचा आवाज.

१९८८ साली माझे धाकटे चाचा सौदीहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी एक टू-इन-वन आणला होता. गावाकडच्या घरात दादी पहाटे जात्यावर बसायची. दादी शाळेत कधी गेली नाही. घरात आमची बोली दखनी, पण जात्यावर बसली की तिच्या तोंडून मराठी ओव्या यायच्या. भावावरच्या, लेकीवरच्या, कृष्णेच्या पुरावरच्या. चाचांनी दळण चालू असताना टू-इन-वन शेजारच्या पाटावर ठेवला आणि त्या सुट्टीत एकेक करत साठ मिनिटांच्या सात कॅसेटी भरल्या. दादी १९९१ मध्ये गेली. कॅसेटी ट्रंकेत राहिल्या.

कॅसेटचं आयुष्य किती असतं, हे ज्यांनी जुन्या कॅसेटी उघडून पाहिल्या आहेत त्यांना सांगायला नको. फितीवरचा तपकिरी थर सुटायला लागतो आणि हेडवर त्याची पूड जमते. प्रत्येक वेळी वाजवताना आवाजाचा एक पापुद्रा निघून जातो. म्हणून मी ठरवलं की एकदाच वाजवायच्या आणि त्याच वेळी कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या. एका जुन्या डेकच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून साउंड कार्डच्या लाइन-इनमध्ये घातली आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केलं. सात तासांच्या कॅसेटीला सात तास लागतातच, तिथे घाई चालत नाही. पाचवी कॅसेट रेकॉर्ड होऊन रिवाइंड करताना तुटली, तेव्हा माझ्या काळजाचा ठोका चुकला. आवाज वाचला होता, पण आता तो फक्त सात वर्षं जुन्या हार्ड डिस्कवर होता.

हिशोब असा होता. सीडीच्या दर्जाचा आवाज, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओ, एका तासाला साधारण ६३५ एमबी जागा घेतो. सात तासांचे झाले सुमारे ४.४ जीबी. एका डीव्हीडीवर ४.७ जीबी मावतात. म्हणजे दादीच्या सगळ्या ओव्या एका चकतीवर बसत होत्या. दादीच्या हयात मुलांपैकी पाच जणांकडे एकेक चकती पोचवायची, म्हणजे एक घर बुडालं तरी चार ठिकाणी आवाज राहील, असा माझा विचार होता. ऐकायला सोपं जावं म्हणून एमपीथ्रीची वेगळी सीडीही करायची होती.

घाई होती ती थोरल्या फुफीमुळे. तिचं ऐकणं वर्षागणिक कमी होत चाललं होतं. कानाच्या डॉक्टरांनी मशीन दिलं होतं, पण मशीन लावून कितपत आणि किती दिवस ऐकू येईल हे त्यांनी मोघमच सांगितलं. तिला आईचा आवाज ऐकून १९ वर्षं झाली होती. बकरी ईद १७ नोव्हेंबरला होती, सगळे गावाकडच्या घरी जमणार होते. माझ्या हातात आठ दिवस होते.

पहिली डीव्हीडी लावली. रायटर १६ एक्सचा, चकतीही १६ एक्सची, मी सॉफ्टवेअरमध्ये ८ एक्स निवडला. डीव्हीडीचा एक एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी. त्या हिशोबानं ८ एक्सला आठ-नऊ मिनिटांत काम व्हायला हवं. लागली ५५ मिनिटं. मी घड्याळ लावून बसलो होतो. ५५ मिनिटं म्हणजे जवळजवळ एक एक्स. दुसरी चकती लावली आणि ३८व्या मिनिटाला वीज गेली. त्या दिवसांत आमच्याकडे भारनियमन चालू होतं आणि वेळापत्रकाबाहेरही वीज जायची. माझा यूपीएस दहा-बारा मिनिटं तग धरायचा. रायटिंग अर्ध्यावर तुटलं की डीव्हीडी-आर चकती चहाच्या कपाखाली ठेवायच्या कामाची उरते. म्हणजे नऊ मिनिटांचं काम ५५ मिनिटांना गेलं, हा फक्त कंटाळ्याचा प्रश्न नव्हता. नऊ मिनिटांत झालं तर वीज गेली तरी यूपीएसवर निभावतं, ५५ मिनिटं लागली तर प्रत्येक चकती नशिबावर.

एका दुकानात विचारलं. काउंटरवरच्या मुलानं डबा न बघताच सांगितलं, "रायटर गेलाय काका, नवीन टाका." भाचा म्हणाला, "मामू, कॉम्प्युटरच बदला." दोघांचंही कदाचित बरोबर असेल, पण दोघांपैकी कुणीही दोष शोधला नव्हता. मी एक जुनी वही घेतली आणि ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय बदललं आणि काय झालं ते लिहायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशामुळे गुण आला ते कळत नाही. आमच्या गावचे हकीम दोन औषधं एकाच दिवशी सुरू करत नसत, त्याचं कारण हेच.

सगळ्यात आधी संशय चकतीवर. स्वस्तातल्या चकत्यांवरचा रंगद्रव्याचा थर एकसारखा नसतो. रायटरच्या फर्मवेअरमध्ये ओळखीच्या चकत्यांसाठी लेझर किती ताकदीनं आणि कसा चालवायचा याची माहिती असते. चकती अनोळखी किंवा हलकी निघाली तर काही रायटर आपणहून वेग कमी करतात. म्हणून दुसऱ्या कंपनीची, जास्त किमतीची एक चकती आणली. पाच मिनिटं पाहिलं, तोच वेग. इथे मला पडद्यावर एक महत्त्वाची खूण दिसली. तुमच्याकडे कधी असा त्रास झाला तर हीच खूण आधी बघा.

रायटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पट्ट्या असतात. एक कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या बफरची, दुसरी रायटरच्या स्वतःच्या बफरची. रायटरमध्ये साधारण २ एमबीची छोटी टाकी असते. हार्ड डिस्कवरून येणारा डेटा आधी या टाकीत पडतो, मग लेझर तो चकतीवर उतरवतो. ८ एक्सला सेकंदाला ११ एमबी लागतात, म्हणजे ही टाकी पाव सेकंदही पुरत नाही. मागून सतत भर पडायला हवी. जुन्या काळी टाकी रिकामी झाली की चकती बाद व्हायची. साधारण २००० सालापासून रायटरांत अशी सोय आली की टाकी रिकामी झाली तर लेझर थांबतो, भर पडली की नेमका तिथूनच पुढे चालू होतो. चकती वाचते, वेळ मात्र जातो.

आता साधा तर्क बघा. चकती किंवा लेझर कमजोर असेल तर रायटर हळू लिहील, पण टाकी भरलेली राहील, कारण मागून येणारं पाणी खर्चच होत नाही. माझ्याकडे उलटं होतं. मेमरीची पट्टी गच्च भरलेली, रायटरची पट्टी घड्याळाच्या लंबकासारखी वरखाली. ९० टक्के, ५ टक्के, ९० टक्के, ५ टक्के. म्हणजे लिहिणारा तयार होता, सांगणाऱ्याचे शब्द त्याच्यापर्यंत पोचत नव्हते. चकती निर्दोष सुटली. वहीत तसं लिहिलं.

मग हार्ड डिस्क. ती तुकड्या-तुकड्यांत विखुरलेल्या फायली वाचताना अडखळत असेल का? त्याच ४.४ जीबीच्या फायली सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर कॉपी केल्या. सहा मिनिटांच्या आसपास लागले आणि माउस लोण्यासारखा फिरत होता. हार्ड डिस्कही सुटली. अँटीव्हायरस थोडा वेळ बंद करून पाहिला, इंटरनेटची वायर काढून पाहिली, काही फरक नाही.

तिसरी परीक्षा मला सगळ्यात उपयोगी वाटली. लिहिणं सोडून द्या, रायटर वाचतो कसा? कॉम्प्युटरच्या एका मासिकासोबत मिळालेली छापील डीव्हीडी घातली आणि त्यातली एक मोठी फाइल हार्ड डिस्कवर कॉपी केली. तीही रांगत होती. शिवाय माउस अडकत अडकत चालत होता. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर शंभराच्या घरात. एक फाइल कॉपी करायला प्रोसेसरचा एवढा जीव का जावा? म्हणजे आजार रायटिंगचा नव्हताच. रायटर आणि मदरबोर्ड यांच्या मधल्या रस्त्याचा होता.

त्या रस्त्याचं नाव आयडीई. जुन्या कॉम्प्युटरमध्ये हार्ड डिस्क आणि रायटर रुंद पट्टीसारख्या केबलनं मदरबोर्डला जोडलेले असतात. या रस्त्यानं डेटा नेण्याच्या दोन पद्धती आहेत. एक पीआयओ, दुसरी डीएमए. पीआयओमध्ये प्रोसेसर स्वतः डेटाचा प्रत्येक घास उचलतो आणि पोचवतो. डीएमएमध्ये प्रोसेसर फक्त हुकूम देतो, डेटा कंट्रोलरच्या मार्फत मेमरीतून परस्पर जातो. मिरज जंक्शनवर ट्रंका उतरवताना दोन प्रकारचे प्रवासी दिसतात. एक हमालाला सांगून पुढे निघतो, दुसरा स्वतःच एकेक पिशवी घेऊन जिन्यावरून खेपा घालतो. दुसऱ्याचं सामान पोचतं, पण तोवर त्याला दुसरं काही करता येत नाही. माझा प्रोसेसर खेपा घालत होता.

खात्री करायला डिव्हाइस मॅनेजर उघडला. त्यात आयडीई कंट्रोलरच्या खाली 'सेकंडरी आयडीई चॅनेल' असतं, त्याच्या 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज'मध्ये दोन ओळी दिसतात. वरची ओळ काय हवं ते सांगते, तिथे 'डीएमए इफ अव्हेलेबल' असं व्यवस्थित निवडलेलं होतं. खालची ओळ प्रत्यक्षात काय चालू आहे ते सांगते. तिथे लिहिलं होतं, 'पीआयओ मोड'.

हे असं का होतं, याचं उत्तर मला फार विचार करायला लावून गेलं. अल्ट्रा डीएमएमध्ये डेटाच्या प्रत्येक खेपेसोबत एक पडताळणीचा आकडा जातो. समोर पोचल्यावर हिशोब जुळला नाही तर ती चूक धरली जाते आणि खेप पुन्हा करावी लागते. विंडोज एक्सपी अशा चुका आणि वेळेत उत्तर न आल्याचे प्रसंग मोजत राहते. सहा झाले की ती वेग एक पायरी उतरवते. पुन्हा सहा, पुन्हा एक पायरी. शेवटी पीआयओ. हेतू चांगला आहे, डेटा सुरक्षित राहावा. पण हे सहा प्रसंग एका तासातले आहेत की दोन वर्षांत विखुरलेले, याला महत्त्व नसतं. मधल्या हजारो बिनचूक खेपा जमेस धरल्या जात नाहीत. एकदा खाली उतरलं की ते आपणहून वर चढत नाही. आणि पडद्यावर एका शब्दानंही कळवत नाही. वरच्या ओळीत 'हवं ते' तसंच लिहिलेलं राहतं.

हे वाचून झाल्यावर मी बराच वेळ खुर्चीत बसून होतो. अब्बा आणि धाकटे चाचा यांचं बोलणं चार वर्षांपासून जवळपास बंद होतं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून काहीतरी झालं असं सगळे सांगतात, पण एका दिवसात काहीच झालं नव्हतं. एकदा लग्नाचं आमंत्रण उशिरा पोचलं, एकदा फोन उचलला नाही, एकदा कुणाच्या तरी समोर कुणी काहीतरी बोललं. कुणीतरी मोजत होतं. मधली चाळीस वर्षं, एकाच ताटात जेवलेली, त्या मोजणीत नव्हती. विचारलं तर दोघंही म्हणायचे, "आमचं काही नाही." वरच्या ओळीत सगळं ठीक लिहिलेलं होतं.

असो. आता इलाज. वरची ओळ पुन्हा निवडून उपयोग होत नाही, कारण ती आधीच बरोबर असते. सेकंडरी चॅनेलच 'अनइन्स्टॉल' करायचं आणि कॉम्प्युटर पुन्हा चालू करायचा. नावाला घाबरू नका, यात रायटर किंवा फायली जात नाहीत. चालू होताना विंडोज ते चॅनेल नव्यानं ओळखते, जुना हिशोब पुसला जातो आणि वेग पहिल्या पायरीपासून ठरतो. मी तसं केलं. खालच्या ओळीत 'अल्ट्रा डीएमए मोड २' आलं, म्हणजे सेकंदाला ३३ एमबीचा रस्ता. डीव्हीडी लावली. रायटरची पट्टी ९५ टक्क्यांवर स्थिर. नऊ मिनिटं! प्रोसेसर निवांत, माउस निवांत, मीही निवांत.

पण वहीत मी एक नियम लिहिला होता, प्रत्येक चकतीनंतर ती खालची ओळ बघायची. पुढची चकतीही नऊ मिनिटांत झाली, पण ओळ बघितली तर 'मोड २'च्या जागी 'मोड १' होतं. वेगात अजून फरक जाणवत नव्हता, पण घसरण सुरू झाली होती. म्हणजे जुना हिशोब पुसला तरी चुका होतच होत्या. रस्त्यात कुठेतरी खरा खड्डा होता. खातं कोरं केलं म्हणून खड्डा भरत नाही.

वीज बंद करून, प्लग काढून कॅबिनेट उघडलं. रायटरची केबल ४० तारांची जुनी पट्टी. हार्ड डिस्कच्या चौकटीखालून ती घट्ट दुमडून नेलेली होती आणि कनेक्टरपाशी घडीची पांढरी रेघ पडली होती. पत्र्याच्या कडेला घासून एका तारेचं आवरणही सोललं होतं. कॅबिनेट ज्या कोपऱ्यात असतं तिथे पावसाळ्यात भिंतीला ओल येते, पिना काळवंडल्या होत्या. बोट लावलं तर कनेक्टर किंचित हलत होता. एवढंसं.

बाजारातून ८० तारांची केबल आणली. वडापाव आणि चहाला जेवढे लागतात त्याहून थोडे जास्त पैसे लागले. तिच्या कनेक्टरला पिना ४०च असतात. जास्तीच्या ४० तारा जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या. प्रत्येक कामाच्या तारेशेजारी एक मुकी तार, त्यामुळे एकीचा आवाज दुसरीत मिसळत नाही. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक रायटरला, मधलं करडं मोकळं. रायटरच्या मागची जंपरची टोपी 'मास्टर'वर आहे हे बघून घेतलं. हार्ड डिस्क वेगळ्या, प्रायमरी केबलवर होतीच, ती तशीच ठेवली. चॅनेल पुन्हा एकदा काढून, कॉम्प्युटर चालू केला. उरलेल्या चकत्या आणि सगळ्या एमपीथ्री सीडी झाल्या, शेवटी ओळ बघितली, 'मोड २'. दोन महिन्यांनी बघितली, 'मोड २'.

एक जोडतो. एक्सपीसाठी रजिस्ट्रीत अशी नोंद करता येते, की एखादी खेप बिनचूक झाली की चुकांची मोजणी पुन्हा शून्यावर यावी. म्हणजे ही गरज आणखीही कुणाला जाणवली होती. पण केबल खराब असेल तर आधी केबल बदला.

चकत्या होत असताना अब्बा मागे येऊन उभे राहिले. तपासायला मी एक फाइल लावली होती. जात्याची घरघर, मध्येच कोंबड्याचं आरवणं आणि त्यावर दादीचा किनरा आवाज. अब्बा काही बोलले नाहीत. टेबलावर चार चकत्या नावं घालून मांडल्या होत्या, थोरल्या फुफीची, मधल्या फुफीची, बडे चाचांची, आमची. अब्बांनी त्या मोजल्या. धाकट्या चाचांची पाचवी मी धरली होतीच, पण अब्बांचं मन कसं असेल या विचारानं त्यांच्यासमोर काढली नव्हती. अब्बा म्हणाले, "उसकी भी निकाल." आणि थोड्या वेळानं, "कॅसेट तो उसीने भरे थे."

ईदच्या दिवशी दुपारी जेवणं झाल्यावर फुफीला आतल्या खोलीत बसवलं. कानातलं मशीन काढून मोठे हेडफोन लावले आणि आवाज हळूहळू वाढवत गेलो. तिच्या चेहऱ्यावर बराच वेळ काहीच नव्हतं. मी म्हटलं उशीर झाला. मग तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला. जात्याचा खुंटा धरल्यासारखा. ती आमच्याकडे बघून मोठ्यानं म्हणाली, हेडफोन लावलेली माणसं बोलतात तशी, "ये तो अम्माच है रे!" दखनीतला तो 'च' आम्ही मराठीकडून घेतलाय. दादीनं ओव्याही तिथूनच घेतल्या होत्या.

धाकट्या चाचांची चकती अब्बांनी माझ्याकडून मागून घेतली आणि स्वतः नेऊन दिली. लांबून मला एवढंच ऐकू आलं, चाचा विचारत होते, "भाईजान, त्यात तो कोंबडा आहे का? तो बंद करायला मी दगड मारला होता." अब्बा म्हणाले, "आहे. कोंबडा पण आहे, दगड पण आहे." विहिरीच्या पाळीचं पुढे काय झालं ते मी इथे लिहीत नाही, तो अजून चालू असलेला हिशोब आहे. पण त्या दिवशी दोघं चहा होईपर्यंत एकाच बाजेवर बसले होते.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी आहेत, त्यांच्यासाठी दोन-चार कामाच्या गोष्टी. जतन करायच्या चकत्या सगळ्यात जास्त वेगानं लिहू नका, अगदी कमी वेगाचाही हट्ट धरू नका. चकती आणि रायटर ज्या वेगांसाठी बनलेले असतात त्यातला मधला वेग घ्या, आणि लिहून झाल्यावर सॉफ्टवेअरमधली पडताळणी चालवल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. चकतीवर कागदी लेबल चिकटवू नका, नाव घालायचं तर चकतीसाठीच्या पेननं घाला. डबीत उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. घरी लिहिलेली डीव्हीडी कायमची नसते, तिच्यावरचा थरही हळूहळू फिका पडतो. म्हणून दर वर्षी-दोन वर्षांनी लावून बघा, आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. मी दर ईदला बघतो.

आणि रायटर हळू चालला तर दुकानात जायच्या आधी बफरची पट्टी बघा, मग ती खालची ओळ बघा, मग केबल. रायटर बदलायला सांगणारे पुष्कळ भेटतील. आमचा अजून तोच आहे.